पोटाचे वेगळे, डोक्याचे वेगळे, गुडघ्याचे वेगळे… मग फिजिशियन कशाचे?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, माझं वय ४४, चाकणला कंपनीत आहे, शिफ्ट ड्युटी. माळ घातलीय त्यामुळे दारू-मटण काही नाही. दीड वर्षापूर्वी गुडघा दुखायला लागला, हाडाच्या डॉक्टरांनी एक्सरे काढला, झीज सुरू झालीय म्हणाले, गोळ्या दिल्या. बरं वाटलं म्हणून तीच चिठ्ठी मेडिकलमध्ये दाखवून गोळ्या घेत राहिलो. मग पित्त वाढलं, जळजळ व्हायला लागली, पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बीण टाकून बघितलं, जठराला सूज आहे म्हणाले, सकाळची उपाशीपोटी गोळी तेव्हापासून चालू आहे. आता चार महिने झाले डोकं जवळजवळ रोज दुखतं, दुखलं की गुडघ्याचीच अजून एक गोळी घेतो. एमआरआय काढला, नॉर्मल. रात्री तळपायाला मुंग्या येतात आणि थकवा तर कायमचाच. कंपनीच्या कॅम्पमध्ये बीपी १४८/९४ निघालं, टेन्शनमुळे असेल म्हणून सोडून दिलं. मिसेस म्हणते एकदा जनरल फिजिशियनला दाखवा. पण सर्दी-तापाचे डॉक्टर यात काय करणार? एवढ्या मोठ्या डॉक्टरांना सापडलं नाही ते त्यांना सापडणार का? आणि उद्या शुगर-बिगर निघाली तर परत शुगरचे वेगळे डॉक्टर करायचे का?
(एक वाचक, चाकण)

उत्तर: नमस्कार. मिसेसचं ऐका. आता कारण सांगतो.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यावर थांबलो, ते म्हणजे "तीच चिठ्ठी मेडिकलमध्ये दाखवून गोळ्या घेत राहिलो". तुम्ही पाकिटांचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. त्यातली गुडघ्याची गोळी म्हणजे अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र, अगदी कॉमन गोळी आहे, आठवडाभर घेतली तर बहुतेकांना काही होत नाही. पण दीड वर्ष? या जातीच्या पेनकिलरने जठराचं आतलं अस्तर सोलवटतं, अंगात मीठ-पाणी धरून राहतं म्हणून बीपी वर जातं, किडनीवर ताण येतो. आणि ज्यांना डोकेदुखीची सवय आहे त्यांनी महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, असे ३ महिन्यांच्या वर पेनकिलर खाल्ली की त्या गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं, मग ते थांबवायला परत गोळी, परत दुखणं. आता तुमचं पत्र परत वाचा. आधी गुडघा, मग पित्त, मग डोकं, मधे कुठेतरी बीपी. हे सगळं एका पाकिटातून निघालं असं मी छातीठोकपणे सांगत नाही, पत्रावरून निदान करणारा डॉक्टर धोकादायक असतो, पण ही शक्यता कुणीतरी समोर बसून तपासायला पाहिजे होती आणि ती कुणी तपासली नाही कारण ते काम कुणाकडेच नव्हतं. हाडाच्या डॉक्टरांनी गुडघा बरोबर बघितला. पोटाच्या डॉक्टरांनी पोट बरोबर बघितलं. मेंदूच्या डॉक्टरांनी मेंदूत गाठ-बिठ नाही ना ते बघितलं, तेही बरोबरच. तुम्ही त्यांना बाकीच्या गोळ्या सांगितल्या होत्या का? बहुतेक नाही, कारण पोटाच्या डॉक्टरांना गुडघ्याचं काय सांगायचं असं आपल्याला वाटतं.

तर जनरल फिजिशियनचं काम हे आहे. सगळ्या फायली एका टेबलावर आणायच्या आणि अख्खा माणूस बघायचा.

मोठे डॉक्टर-छोटे डॉक्टर हे तर डोक्यातून काढूनच टाका. एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षं शिक्षण आणि १ वर्ष इंटर्नशिप, त्यानंतर ३ वर्षं एमडी मेडिसिन, ते झालं की माणूस फिजिशियन. तुमच्या पोटाच्या आणि मेंदूच्या डॉक्टरांनीही आधी बहुतेक हेच एमडी मेडिसिन केलेलं असणार आणि मग पुढे ३ वर्षं डीएम करून एका अवयवात खोल गेले. फिजिशियन खोल न जाता रुंद राहिला एवढाच फरक. हां, एक मात्र बघून घ्या, आपल्याकडे पाटीवर जनरल फिजिशियन कुणीही लिहितं, एमबीबीएसही लिहितात, बीएएमएस, बीएचएमएसही लिहितात. त्यातले कितीतरी जण उत्तम फॅमिली डॉक्टर असतात, गावाकडे तर अर्ध्या रात्री दार उघडणारे तेच, त्यांच्याबद्दल मला वाकडं बोलायचं नाही. पण तुमच्या केसमध्ये दीड वर्षाचा गुंता आहे, म्हणून एमडी किंवा डीएनबी (एमडीच्याच तोडीची डिग्री) मेडिसिन असलेले बघा. चिठ्ठीवर डिग्री आणि रजिस्ट्रेशन नंबर असायलाच पाहिजे, नसेल तर विचारायला लाजू नका.

आता तिथे गेल्यावर काय होईल ते सांगतो म्हणजे तुम्हाला अंदाज येईल आणि डॉक्टर नुसतेच गप्पा मारतायत असं वाटणार नाही. चांगला फिजिशियन आधी बराच वेळ नुसतं विचारतो. शेवटचं ठणठणीत कधी वाटत होतं? गुडघा आधी का पित्त आधी? नाईट शिफ्टच्या आठवड्यात डोकं जास्त दुखतं का? सकाळी उठल्या उठल्या दुखतं का संध्याकाळी? घोरता का, आणि हा प्रश्न तो तुम्हाला नाही, मिसेसना विचारेल, कारण घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं कधीच ऐकू येत नाही. (जोरात घोरणं, मधेच श्वास अडकणं, सकाळचं डोकं जड, दिवसा पेंग आणि वाढलेलं बीपी हे सगळं एकत्र असलं तर झोपेत श्वास बंद पडण्याचा आजार असू शकतो, आणि तो एमआरआयमध्ये दिसत नाही.) आई-वडिलांना शुगर-बीपी होतं का, वजन वाढलं का उतरलं, तहान, लघवीला किती वेळा उठता, कंपनीत काही केमिकलशी काम आहे का, तंबाखू. माळकरी माणसाला तंबाखूचं विचारावंच लागतं, रागावू नका, मटण सोडलेले कितीतरी जण मिसरीपाशी अडकलेले मी बघितलेत.

मग तपासणी. हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो आणि हल्ली हाच सगळ्यात जास्त गाळला जातो. खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का बघायचं, जीभ बघायची, गळ्याला हात लावून थायरॉइड, कंबरेला टेप (आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटरच्या आत आणि बायकांची ८० च्या आत असावी असं मानतात, आणि हे माप बेंबीच्या पातळीला घ्यायचं, पँटच्या बेल्टच्या नंबरावर जाऊ नका). मग तुम्हाला बूट-मोजे काढायला सांगतील. डोळे मिटा म्हणतील आणि पायाच्या अंगठ्याच्या हाडावर एक स्टीलचा चिमटा वाजवून टेकवतील, ट्यूनिंग फोर्क, शाळेत विज्ञानाच्या तासाला बघितला असेल. "कंप जाणवतोय का? थांबला की सांगा." तुम्ही "थांबला" म्हणालात आणि तोच चिमटा डॉक्टरांना स्वतःच्या बोटावर अजून थरथरताना जाणवला की पायाच्या नसांची जाणीव कमी झालीय असा अंदाज येतो. अर्ध्या मिनिटाचं काम, खर्च शून्य. तुमच्या मुंग्यांसाठी ही तपासणी कुठल्याही स्कॅनच्या आधी व्हायला पाहिजे, कारण दोन्ही तळपायांना रात्री मुंग्या म्हटलं की आधी शुगर आणि बी-१२ आठवतात, आणि तुमच्या बाबतीत बी-१२ वर माझं लक्ष जरा जास्तच आहे. एक तर मांसाहार नाही, आणि हे व्हिटॅमिन झाडपाल्यात जवळजवळ नसतंच, दूध-दह्यातून थोडंफार मिळतं. त्यात सकाळची ती पॅन्टोप्राझोल, तिने जठरातलं आम्ल कमी होतं आणि अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला तेच आम्ल लागतं, म्हणून ही गोळी वर्षानुवर्षं चालली की बी-१२ उतरू शकतं. थकवाही त्यातलाच असू शकतो. बी-१२ ची कमतरता वेळेत पकडली तर दुरुस्त होते, फार उशीर झाला तर नसांचं नुकसान पूर्ण भरून येत नाही. म्हणून चालढकल नको.

बीपीबद्दल. १४८/९४ हे टेन्शनमुळे असेलही, पण तसं ठरवणारे आपण कोण? कॅम्पमध्ये लाईनीत उभं राहून, चहा पिऊन, बडबड करत घेतलेल्या बीपीवर मीही फार विश्वास ठेवत नाही, पण ते सोडूनही देत नाही. शक्य असेल तर दंडाला लावायचं मशीन आणा, मनगटाचं नको. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, ५ मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि मग सकाळी २ रात्री २ असं आठवडाभर वहीत लिहायचं. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीची सरासरी १३५/८५ च्या वर येत असेल तर ते बीपीच आहे. ही वही घेऊन गेलात तर फिजिशियनचं अर्धं काम झालं. आणि मुख्य म्हणजे पेनकिलर बंद करून परत मोजल्यावर आकडा खाली आला तर कदाचित बीपीची गोळी लागणारच नाही. गोळी कमी करणं हेही फिजिशियनचं काम आहे, नवीन लिहिण्याइतकंच, आणि खरं सांगू का, जास्त अवघड, कारण फी घेऊन गोळ्या काढून टाकल्या की पेशंटला फसवल्यासारखं वाटतं.

टेस्ट लागतील, पण मोजक्या. हिमोग्राम, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर, एचबीएवनसी म्हणजे ३ महिन्यांची सरासरी शुगर, किडनीसाठी क्रिएटिनिन, लघवी, कोलेस्ट्रॉल, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-१२, एक ईसीजी. एवढ्यावर बहुतेक चित्र उभं राहतं. इथे एक विनंती, जाण्याआधी ते "फुल बॉडी चेकअप, ८० टेस्ट, ऑफर" वालं पॅकेज करून जाऊ नका. बऱ्याच टेस्टची नॉर्मल रेंज ठरवतात तीच अशी की धडधाकट १०० लोकांतले ५ तिच्या बाहेर पडणार. म्हणजे एकमेकींशी संबंध नसलेल्या २० टेस्ट एका ठणठणीत माणसाच्या केल्या तर निदान एक तरी ठळक अक्षरात छापून येण्याची शक्यता ६४ टक्क्यांच्या आसपास जाते, हा साधा गणिताचा हिशोब आहे. मग तो माणूस ते एक ठळक अक्षर घेऊन रात्री मोबाईलवर शोधत बसतो आणि सकाळी माझ्या ओपीडीत अर्धमेला होऊन येतो.

आणि ते "सर्दी-तापाचे डॉक्टर" म्हणालात ना, त्यावर जरा बोलू द्या. सर्दी-ताप बघणं सोपं वाटतं. पावसाळ्यात ओपीडीत तापाचे पेशंट लाईनीने बसलेले असतात, सगळ्यांचं अंग दुखतंय, सगळ्यांना कणकण, सगळे म्हणतात डॉक्टर एक सलाईन लावा म्हणजे तरतरी येईल. त्यातल्या बहुतेकांना व्हायरल, चार-पाच दिवसांत आपलं आपण बरं होणारं, पण त्याच लाईनीत एखादा डेंग्यूचा, एखादा मलेरियाचा, गुडघाभर पाण्यातून चालत आलेला एखादा लेप्टोचा (साचलेल्या घाण पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) बसलेला असतो आणि तोंडावर लिहिलेलं नसतं. कुणाला नुसती पॅरासिटामॉल आणि पाणी देऊन घरी पाठवायचं, कुणाला उद्या परत बोलवायचं, कुणाला आत्ताच्या आत्ता अ‍ॅडमिट करायचं, हे ओळखणं हीच तर विद्या. डेंग्यूत तर गंमत अशी की धोका बऱ्याचदा ताप उतरताना सुरू होतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसात, आणि लोक ताप गेला म्हणून कामावर जातात. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यातून रक्त, गुंगी, असं काही दिसलं तर थेट हॉस्पिटल. आणि तापात डेंग्यूची शंका असताना तुमची ती अ‍ॅसिक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन अजिबात घ्यायची नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

खोकल्याचंही तसंच. साध्या सर्दीनंतरचा खोकला दोन-तीन आठवडेसुद्धा रेंगाळतो, कफ पिवळा झाला म्हणजे अँटिबायोटिक पाहिजेच असं नसतं, पण लोक मेडिकलमध्ये जाऊन तीन दिवसांची अ‍ॅझिथ्रोमायसिन घेऊन मोकळे होतात. ज्या पाकिटावर उभी लाल रेघ असते ते चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही एवढं तरी घरात सगळ्यांना सांगून ठेवा. उलट दोन आठवड्यांच्या वर खोकला, सोबत संध्याकाळचा ताप, वजन उतरणं असलं तर थुंकीची तपासणी व्हायलाच पाहिजे, टीबीची टेस्ट आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. थांबून बघायचं कुठे आणि थांबायचं नाही कुठे, हेच रोजचं काम.

काही गोष्टींत मात्र फिजिशियनची अपॉइंटमेंटही घेत बसू नका. छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब आणि घाम, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, तोंड वाकडं होणं, एक हात-पाय लुळा पडणं, बोलणं जडावणं, आयुष्यात कधी झाली नाही अशी अचानक डोकेदुखी, डांबरासारखी काळी शौच (हे तुम्ही खास लक्षात ठेवा, पेनकिलरने जठरातून रक्त गेलं तर असं होतं), यात १०८ ला फोन आणि सरळ मोठं हॉस्पिटल. लकव्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, "आधी आपल्या डॉक्टरांना विचारू" यात कितीतरी लोकांचे ते तास गेलेत.

आता तुम्ही काय करायचं. ती गुडघ्याची गोळी स्वतःहून आणणं आजपासून बंद. पहिले काही दिवस डोकं जास्तच दुखू शकतं, घाबरू नका, पण म्हणून परत तीच घेऊ नका, फिजिशियनकडे लवकर जा. गुडघ्याला वरून लावायचं जेल चालेल, आणि मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम, ते फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या, झिजलेल्या गुडघ्याला त्याचा चांगला आधार मिळतो. पॅन्टोप्राझोल मात्र एकदम तोडू नका, अचानक सोडली की आम्ल उसळून येतं आणि जळजळ आधीपेक्षा जास्त वाटते, ती कमी कशी करायची ते डॉक्टर ठरवतील. सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक काढे-चूर्ण, कुणी सांगितलेली ताकदीची पावडर, सगळं एका पिशवीत भरून न्या, नुसती नावं लिहून नको, पाकिटंच न्या. फायली तारखेप्रमाणे लावा. नाईट शिफ्ट संपवून तसेच झोपमोड करून जाऊ नका, सुट्टीच्या दिवशी जा, आणि मिसेसना बरोबर न्या. खर्चाचं म्हणाल तर पगार २१ हजारांच्या आत असेल तर तुमचं ईएसआयसी म्हणजे कामगार विम्याचं कार्ड असणारच, त्यांच्या दवाखान्यात दाखवता येतं, आणि सरकारी हॉस्पिटलच्या मेडिसिन ओपीडीतही हेच एमडी मेडिसिन डॉक्टर बसतात. गर्दी असते, सकाळी लवकर जा.

आणि शेवटचा प्रश्न, शुगर निघाली तर वेगळे डॉक्टर करायचे का. नाही. एचबीएवनसी ६.५ किंवा वर आलं तर डायबेटिस, ५.७ ते ६.४ आलं तर काठावर, आणि दोन्ही गोष्टी फिजिशियनच सांभाळतो, बीपी आणि थायरॉइडही. बहुतेकांना आयुष्यभर तेवढं पुरतं. डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा तपासायला डोळ्याच्या डॉक्टरांकडे जावं लागेल, किडनीचा रिपोर्ट बिघडला किंवा इन्सुलिन देऊनही शुगर ऐकेना तर तोच चिठ्ठी देऊन पुढे पाठवेल. तिकडचे कागद घेऊन परत त्याच्याकडेच या.